छप्पन्न भागांचे चाळीस झाले तेव्हा: चिनी मालिकांच्या एका पटकथालेखिकेचे प्रकरण

हे प्रकरण बीजिंगमध्ये राहून दूरचित्रवाणी मालिका लिहिणाऱ्या एका पटकथालेखिकेचे आहे. तिची ओळख पटू नये म्हणून गाव, कादंबरीचा विषय आणि निर्मितीसंस्थेचे तपशील बदलले आहेत. तिच्या पिढीतील इतर लेखकांच्या वाट्याला आलेल्या काही गोष्टीही या कथनात मिसळल्या आहेत. कराराची रचना, सरकारी नियम आणि त्यांच्या तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणाचा सारा भार त्यांच्यावरच उभा आहे.

पार्श्वभूमी

लेखिकेने २००८ मध्ये बीजिंगमधून नाट्यलेखनाची पदवी घेतली. पुढची पाच वर्षे तिने एका ज्येष्ठ लेखकाच्या लेखनकक्षात काम केले. अशा कक्षात चार-पाच तरुण लेखक भाग वाटून घेतात, ज्येष्ठ लेखक त्यावरून हात फिरवतो आणि पडद्यावर एकट्याचे नाव येते. नावाविना लिहिणाऱ्या अशा लेखकाला तिथे ‘छ्यांगशौ’ म्हणतात. मानधन भागामागे ठरते, ते बहुधा वेळेवर मिळते, आणि धंद्यातील खाचाखोचा शिकायला मिळतात. पण पाच वर्षांनंतर नव्या निर्मात्यासमोर ठेवायला स्वतःच्या नावाची एकही मालिका हाती नसते. लेखिकेचे नाव पडद्यावर पहिल्यांदा २०१४ मध्ये आले, तेही एका कौटुंबिक मालिकेच्या सहलेखिका म्हणून.

त्याच वर्षी या व्यवसायात एक मोठा खटला गाजला. तैवानच्या ज्येष्ठ लेखिका छ्योंग याओ यांनी लेखक-निर्माते यू झंग यांच्यावर वाङ्मयचौर्याचा दावा लावला. डिसेंबर २०१४ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने छ्योंग याओ यांच्या बाजूने निकाल देऊन ५० लाख युआनची भरपाई ठरवली, आणि वर्षभराने उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. निकालापूर्वी १०९ पटकथालेखकांनी छ्योंग याओ यांना जाहीर पाठिंबा दिला होता. भरपाईची जबाबदारी यू झंग यांच्यासह निर्मितीत सहभागी कंपन्यांवरही टाकली गेली, आणि पात्रांमधील नाती व प्रसंगांची गुंफण यांनाही संरक्षण मिळू शकते हे न्यायालयाने मान्य केले. लेखिकेने या निकालाकडे बारकाईने पाहिले. कोणता प्रसंग कोणी रचला हे तक्त्याने दाखवता येते, हे तिला तिथेच उमगले, आणि पुढे ते तिच्या कामी आले.

बाजारही त्या काळात बदलत होता. २०१५ पूर्वी एकच मालिका एकाच वेळी ४ उपग्रह वाहिन्यांवर दाखवता येत असे. १ जानेवारी २०१५ पासून ही संख्या २ वर आली आणि मुख्य वेळेत रात्री २ भागांची मर्यादा पडली. वाहिन्यांकडून येणारा पैसा आटल्यावर निर्मितीसंस्था आयचीयी, टेन्सेंट व्हिडिओ, यूकू अशा ऑनलाइन मंचांकडे वळल्या. या मंचांना तयार वाचकवर्ग असलेल्या इंटरनेट कादंबऱ्या हव्या होत्या. त्यांच्या हक्कांसाठी चढाओढ लागली आणि रूपांतर करणाऱ्या लेखकांना भरपूर काम मिळू लागले.

मराठी वाचकासाठी इथे एक फरक सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडील दैनंदिन मालिकेचे लेखन आणि प्रसारण हातात हात घालून चालते. मालिका चालली तर काम चालते आणि महिन्याकाठी पैसे मिळत राहतात. चिनी मालिका मात्र आधी पूर्ण लिहिली जाते, पूर्ण चित्रित होते, सगळे भाग तपासणीला जातात आणि परवाना मिळाल्यावरच प्रसारित होतात. पहिले पान लिहिणे आणि पहिला भाग दिसणे यांत चार-पाच वर्षे सहज जातात. त्या काळात नियम बदलले, पैसा आटला किंवा नट बदनाम झाला, तर लिहून झालेली संहिता तशीच पडून राहते.

करार

२०१६ च्या शरद ऋतूत एका मध्यम आकाराच्या निर्मितीसंस्थेने लेखिकेला एका इंटरनेट कादंबरीच्या रूपांतरासाठी विचारले. कादंबरी राजवाड्यातील कारस्थानांची, काल्पनिक घराण्याच्या काळात घडणारी होती. करार होण्यापूर्वी तिच्याकडून आणि आणखी दोन लेखकांकडून आराखडे मागवण्यात आले. त्याचे पैसे मिळणार नव्हते. तिचा आराखडा निवडला गेला.

करारात भागामागे ठराविक मानधन होते. सुरुवातीला ४५ भाग ठरले. लिहिता लिहिता संस्थेनेच ते ५६ पर्यंत वाढवले. वाहिन्या आणि मंच भागांच्या संख्येवर पैसे मोजत असल्यामुळे त्या काळी कथा ताणणे निर्मात्याच्या फायद्याचे होते. मानधन पाच हप्त्यांत मिळणार होते: सहीच्या वेळी १० टक्के, भागवार आराखड्याला २० टक्के, पहिल्या मसुद्याला ३० टक्के, अंतिम मसुद्याने ‘पक्ष अ चे’ (म्हणजे संस्थेचे) ‘समाधान झाल्यावर’ २० टक्के आणि चित्रीकरण सुरू झाल्यावर उरलेले २० टक्के. संहितेचे सर्व हक्क संस्थेकडे जाणार होते. श्रेयनामावलीत लेखिकेचे नाव येईल एवढेच वाक्य होते; ते कोणत्या क्रमाने येईल आणि दुसरा लेखक आला तर काय, याबद्दल एक शब्दही नव्हता.

हा करार त्या काळच्या मानाने वाईट नव्हता, आणि म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे. पहिले ६० टक्के मानधन लेखिकेच्या स्वतःच्या कामाशी बांधलेले होते: तिने लिहून दिले की पैसे देय होत. उरलेले ४० टक्के अशा दोन घटनांशी बांधलेले होते, ज्यांवर तिचा काडीचाही ताबा नव्हता. सही करताना तिने भागामागचा आकडा पाहिला. वकिलाला दाखवायला वेळ नव्हता आणि तशी रीतही नव्हती.

अडचण

२०१८ च्या वसंतात ५६ भागांचा पहिला मसुदा पूर्ण झाला आणि ६० टक्के मानधन तिच्या खात्यात जमा झाले. त्यानंतर एकामागून एक तीन तडाखे बसले.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात नटनट्यांच्या दुहेरी करारांचे आणि करचुकवेगिरीचे प्रकरण उघड झाले. ऑक्टोबरमध्ये अभिनेत्री फान बिंगबिंग यांच्यावर ८८ कोटी युआनहून अधिक रकमेची कर व दंडाची आकारणी झाली आणि संपूर्ण उद्योगाची करतपासणी सुरू झाली. गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला. लेखिकेच्या मालिकेचे चित्रीकरण झज्यांग प्रांतातील हेंगदियानच्या विस्तीर्ण स्टुडिओत व्हायचे होते, ते पुढे ढकलले गेले.

जानेवारी २०१९ मध्ये राजवाड्यातील कारस्थानांच्या मालिकांवर सरकारी वृत्तपत्रातून कठोर टीका झाली, आणि गाजलेल्या मालिकाही वाहिन्यांच्या वेळापत्रकातून गायब झाल्या. संस्थेने राण्यांमधील वैर कमी करून कथा धान्यवाहतुकीच्या कालव्याभोवती आणि पूरनियंत्रणाच्या कामाभोवती फिरवायला सांगितले. लेखिकेने ते केले. पुन्हा बदल आले, तेही केले. ‘समाधान झाल्यावर’ या शब्दांमुळे किती वेळा बदल करायचे याला मर्यादाच नव्हती, आणि २०१९ चे संपूर्ण वर्ष विनामोबदला पुनर्लेखनात गेले.

तिसरा तडाखा फेब्रुवारी २०२० मध्ये बसला. राष्ट्रीय रेडिओ व दूरचित्रवाणी प्रशासनाने पाणी घालून वाढवलेल्या मालिकांना आळा घालण्यासाठी सूचना काढली: मालिका ४० भागांहून मोठी नसावी, ३० भागांच्या आतल्या मालिकांना प्रोत्साहन मिळेल. शब्द शिफारशीचे होते, पण सगळ्या उद्योगाने ती मर्यादा मानली. प्रेक्षकाच्या दृष्टीने ही सूचना योग्य होती असे मला प्रामाणिकपणे वाटते. लेखिकेच्या हिशेबात मात्र तिचा परिणाम असा झाला.

५६ भागांच्या मानधनाचे ६० टक्के म्हणजे ३३.६ भागांचे पैसे तिला मिळाले होते आणि २२.४ भागांचे येणे होते. संस्थेने कळवले की मालिका आता ४० भागांची असल्यामुळे मानधनही ४० भागांचेच मिळेल. म्हणजे येणे उरले केवळ ६.४ भागांचे. ५६ भाग लिहून झाले होते, त्यांतील बरेच दोन-तीनदा लिहिले होते, आणि ते ५६ करण्याची मागणीही संस्थेचीच होती. याच पत्रात पुढे म्हटले होते की संहिता आटोपशीर करण्यासाठी एका अधिक नामवंत लेखकाची नेमणूक झाली आहे आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव प्रथम येईल.

समोर असलेले पर्याय

संहिता परत घेऊन दुसऱ्या संस्थेला देणे, हा संतापाच्या भरात पहिला सुचलेला मार्ग होता, आणि तोच सर्वांत आधी बाद झाला. कादंबरीचे हक्क संस्थेकडे होते आणि संहितेचेही. चिनी कायद्यानुसार दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या लेखनाचा हक्क, करारात काही म्हटले नसेल तर, लेखकाकडेच राहतो. पण या करारात ते स्पष्टपणे संस्थेच्या नावे लिहून दिले होते.

न्यायालयात जाणे शक्य होते. दाव्यासाठी ३ वर्षांची मुदत असते आणि ती संपलेली नव्हती. चिनी कायदा मालिकेचा हक्क निर्मात्याला देतो, पण लेखकाचा नावाचा हक्क आणि करारानुसार मोबदल्याचा हक्क राखून ठेवतो. अडचण होती ती चौथ्या हप्त्याच्या शब्दांत. ‘समाधान झालेच नाही’ असे संस्थेने म्हटले तर ते खोडून काढणे कठीण होते. शिवाय कोविडच्या त्या महिन्यांत संस्था तग धरेल का, याचीच शाश्वती नव्हती. बुडालेल्या कंपनीविरुद्ध मिळालेल्या निकालातून वसुली होत नाही. या व्यवसायातील कामे ओळखीपाळखीतून मिळतात आणि खटला करणाऱ्या लेखकाचे नाव फार लवकर पसरते, ही भीतीही होतीच. ती अवाजवी होती असे मी म्हणणार नाही.

मिळेल ते घेऊन गप्प बसणे हा तिच्या बहुतेक सहकाऱ्यांचा सल्ला होता. सल्ला देणाऱ्यांचे पैसेही असेच कुठे ना कुठे अडकलेले होते.

उरला वाटाघाटीचा मार्ग. पण ज्याच्यापाशी देण्यासारखे किंवा अडवण्यासारखे काहीच नाही त्याची वाटाघाट म्हणजे विनवणीच ठरते. म्हणून लेखिकेने वकिलाला पहिला प्रश्न विचारला तो असा, की या घडीला संस्थेला माझी गरज नेमकी कशासाठी आहे. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत महत्त्वाचा क्षण होता.

वकिलाने नियमच वाचून उत्तर दिले. चित्रीकरणापूर्वी मालिकेची नोंदणी करून ती जाहीर सूचनेत यावी लागते. फेब्रुवारी २०२० च्या त्याच सूचनेत असेही म्हटले होते की नोंदणीच्या वेळी संहिता मुख्यतः पूर्ण झाल्याची हमी संस्थेने द्यावी. ही पूर्ण संहिता लेखिकेची होती. नव्या लेखकाचे काम तेव्हा जेमतेम सुरू झाले होते. जी संहिता पूर्ण असल्याचे संस्था प्रशासनाला सांगणार, तीच संहिता असमाधानकारक असल्याचे लेखिकेला सांगणे तिला जड जाणार होते. दुसरी गोष्ट अशी की प्रसारणाचा परवाना मागताना सर्व भागांसोबत आरंभीच्या आणि अखेरच्या श्रेयनामावलीचा पूर्ण मजकूर सादर करावा लागतो. नावाचा वाद तोवर मिटलेला नसेल तर मालिका विकत घेणारा मंचही बिचकतो. लेखिकेच्या हाती जे काही होते, त्याला नोंदणी आणि नामावली अशा दोनच ठिकाणी किंमत होती, आणि तीही त्या टप्प्यांच्या आधी.

केलेली कार्यवाही

पहिले तीन आठवडे तिने पुराव्यांवर घालवले. सर्व मसुदे, ईमेल आणि वीचॅटवरील संभाषणे तारखांनिशी जमवून त्यांतील महत्त्वाची नोटरीकडून प्रमाणित करून घेतली. त्यांत संस्थेच्या निर्मातीचा २०१८ मधील एक ध्वनिसंदेश होता: ‘लाओशी, मसुदा उत्तम झाला आहे, आता नटांशी बोलते.’ ‘लाओशी’ हे त्या क्षेत्रातील नेहमीचे आदराचे संबोधन. समाधान झाल्याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा दुसरा नव्हता.

मग तिने तक्ता केला. नव्या ४० भागांच्या आराखड्यातील प्रत्येक प्रमुख प्रसंगासमोर तो तिच्या ५६ भागांपैकी कोणत्या भागात आहे हे लिहिले. छ्योंग याओ खटल्यात जी पद्धत चौर्य दाखवायला वापरली गेली, ती तिने आपले कर्तृत्व दाखवायला वापरली. प्रसंगांचा बहुतांश भाग तिचाच होता. नव्या लेखकाने प्रसंग जोडले होते, काही वगळले होते, संवाद आटोपशीर केले होते. हे कामही कौशल्याचे असते, आणि तसे तिने पत्रात मोकळेपणाने मान्य केले. मला वाटते, त्या एका वाक्यामुळे नवा लेखक तिच्याविरुद्ध उभा राहिला नाही.

वकिलाचे पत्र नोंदणीच्या अर्जापूर्वी गेले. पत्रात धमकी नव्हती. संस्थेने पूर्ण संहितेची हमी देण्यापूर्वी त्या संहितेचा मोबदला आणि श्रेय निश्चित करावे, एवढीच मागणी होती. दीड महिन्याच्या बोलाचालीनंतर २०२० च्या उन्हाळ्यात पूरक करार झाला. एकूण मानधन ४६ भागांचे ठरले, म्हणजे आणखी १२.४ भागांचे पैसे. त्यांतील अर्धे सहीच्या वेळी आणि अर्धे चित्रीकरण सुरू होवो वा न होवो, कॅलेंडरवरील एका ठराविक तारखेला मिळणार होते. दोन्ही लेखकांची नावे एकाच पाटीवर, एकाच आकारात आणि तिचे नाव आधी, असे ठरले. जाहिराती आणि मंचावरील माहितीपानालाही हेच लागू होते. बदल्यात तिने २०१९ च्या पुनर्लेखनाची मागणी सोडली आणि १० भागांचे पैसेही सोडले.

सही करण्याच्या आदल्या दिवशी संस्थेने शेवटचा एक प्रस्ताव ठेवला: ५० भागांचे पैसे घ्या, पण नाव दुसऱ्या क्रमांकावर येऊ द्या. घरभाडे थकलेले असताना तिने तो नाकारला. तिची पहिली पाच वर्षे नावाविना गेली होती, हे विसरून या निर्णयाकडे पाहता येणार नाही.

निष्पत्ती

चित्रीकरण २०२१ मध्ये हेंगदियानला झाले. दुसरा हप्ता ठरल्या तारखेनंतर दोन महिन्यांनी मिळाला. उशिरा का होईना, पण तो मिळाला, कारण तारीख लिहिलेली होती आणि टाळायला निमित्त नव्हते. मालिका २०२२ मध्ये प्रसारित झाली. पडद्यावरील नावे करारानुसार आली. मंचाच्या माहितीपानावर मात्र पहिल्या आठवड्यात केवळ नव्या लेखकाचे नाव होते. पूरक कराराची प्रत पाठवल्यावर ते दुरुस्त झाले. आठवडाभराचा हा विलंब लहान वाटला, तरी मालिकेची समीक्षा आणि चर्चा नेमकी त्याच आठवड्यात होते आणि अनेकांनी नावे तिथूनच उचलली. ते नुकसान भरून निघाले नाही.

भागांच्या हिशेबात पाहिले तर लेखिकेला लिहिलेल्या कामाच्या सुमारे ८२ टक्के मोबदला मिळाला, आणि तो पावणेपाच वर्षांत विखुरलेला होता. पहिल्या क्रमांकाच्या नावामुळे मात्र २०२३ मध्ये तिला एका तालुक्याच्या गावातील आजच्या जीवनावरची २४ भागांची मालिका स्वतंत्रपणे लिहायला मिळाली.

त्याच सुमारास उभ्या पडद्याच्या लघुमालिकांचे पेव फुटले होते: मिनिट-दोन मिनिटांचे भाग, मोबाइलवर पाहण्यासाठी, आठवड्याभरात चित्रित होणारे. २०२४ मध्ये या लघुमालिकांची उलाढाल चीनच्या चित्रपटगृहांच्या वार्षिक उत्पन्नाहून अधिक झाली. तिलाही मागणी आली. पैसे लवकर मिळतात म्हणून तिने एक लिहिली आणि पुढे नकार दिला.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त संधी २०१६ मध्ये, सहीच्याही आधी होती. विनामोबदला दिलेला आराखडा त्या वेळी कोणत्याही कराराखाली नव्हता, तो संपूर्णपणे तिचा होता. तो चीनच्या कॉपीराइट संरक्षण केंद्रात नोंदवून मग दिला असता, तर चार वर्षांनंतर प्रसंग कोणाचे हे सांगायला तक्ता करण्याची वेळच आली नसती. आपल्याकडे मुंबईतील पटकथालेखकांची संघटना अशी नोंदणी करून देते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कायद्याने लेखकाला रॉयल्टीतला काही वाटा असा दिला आहे की तो करारानेही काढून घेता येत नाही. चिनी लेखकाला कायद्यातून एवढी हमी नाही, त्यामुळे तिथे करारातील प्रत्येक शब्दाचे वजन अधिक.

दुसरी संधी भाग ४५ वरून ५६ झाले तेव्हा होती. वाढ संस्थेला हवी होती, लेखिकेचे अधिक पैसे होणार होते, दोन्ही पक्ष आनंदात होते. भाग पुढे कमी झाले तरी लिहून झालेल्या भागांचे मानधन कमी होणार नाही, हे वाक्य त्या दिवशी कोणीही हरकत न घेता घातले असते. सगळे सुरळीत चाललेले असताना असे वाक्य मागणे अवघड वाटते, पण ते नेमके तेव्हाच मिळते.

२०१९ च्या पुनर्लेखनाबद्दल मी तिच्याशी पूर्णपणे सहमत नाही. नकार दिला असता तर काम गेले असते, असे ती म्हणते. पण पहिल्या बदलानंतर एक साधे पत्र पाठवून, हा बदल धोरणामुळे आहे, मसुद्यातील दोषामुळे नाही, एवढी नोंद करून ठेवता आली असती. त्यासाठी भांडण करावे लागत नव्हते, आणि वर्षभराच्या कामाची मागणी वाटाघाटीत पहिल्याच बैठकीत सोडून द्यावी लागली नसती.

खटला टाळण्याचा तिचा निर्णय मला योग्य वाटतो, मात्र तो योग्य ठरण्यात दैवाचाही हात आहे. संस्था टिकली, मालिका चित्रित झाली. संस्था २०२० मध्येच बुडाली असती तर सहीच्या वेळी मिळालेली अर्धी रक्कम तेवढी हाती राहिली असती. हे ओळखूनच ती रक्कम सहीशी बांधून घेतली होती, आणि त्याचे श्रेय वकिलाचे.

२०२३ च्या करारात तिने तीन गोष्टी मागितल्या: भागांची संख्या कितीही होवो, एकूण मानधनाची किमान रक्कम, दोन फेऱ्यांनंतरच्या प्रत्येक पुनर्लेखनाचे वेगळे पैसे, आणि नियम बदलल्यामुळे होणाऱ्या नुकसानीची दोन्ही पक्षांत विभागणी. एका संस्थेने तिसरी अट वाचून बोलणी थांबवली. दुसऱ्या संस्थेने विभागणी निम्मी-निम्मी न करता दोन-तृतीयांश भार लेखिकेवर ठेवला, आणि तिने ते स्वीकारले. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रशासनाने ४० भागांची मर्यादा सैल करण्याचे धोरण जाहीर केले. त्यानंतर तिच्याकडे आलेल्या पहिल्याच प्रस्तावात निर्मात्याने कथा थोडी लांबवता येईल का, अशी विचारणा केली आहे. तिने उत्तर देण्याआधी कराराचा मसुदा मागवला आहे.